मनूच्या नावेत केळीचा कंद होता का?

प्रति,
वादविवाद स्पर्धा समिती व व्याख्यानमालेचे विश्वस्त मंडळ,
तापीकाठचं आपलं गाव.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक म्हणून आलो होतो. शाल, श्रीफळ आणि पाकीट घेऊन घरी गेलो. पाकीट या पत्रासोबत परत पाठवतो आहे. राग धरून पाठवत नाही. ज्या कामाचं ते मानधन होतं ते काम मी अर्धवट टाकून आलो, एवढंच कारण. श्रीफळाची चटणी झाली, ते काही परत करता येणार नाही.

विषय तुम्हीच दिलेला होता: 'जलप्रलयाच्या धर्मकथा आणि जीवशास्त्र यांचा मेळ बसतो'. पोरं चांगली बोलली. एकानं मनू आणि मासा सांगितला, एकीनं नोहाचं तारू, एकानं हजरत नूह आणि जूदी पर्वत. विरोधी बाजूच्यांनी डार्विनचं नाव दहा वेळा घेतलं, पण त्याच्यापलीकडे त्यांची तयारी कच्ची होती. मग श्रोत्यांच्या प्रश्नांची दहा मिनिटं सुरू झाली आणि मागच्या रांगेतून अकरावीची एक मुलगी उठली. तिनं विचारलं, "सर, मनूनं सगळ्या झाडांचं बियाणं नावेत घेतलं म्हणता. आमच्या घरी केळी आहे. केळीला बीच नसतं. मग त्यानं काय नेलं, कंद?"

सभागृह हसलं. सूत्रसंचालक 'बेटा, प्रश्न विषयाला धरून विचारावा' म्हणाले आणि माइक पुढच्या रांगेत गेला. ती खाली बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पहिल्या रांगेत पेन्सिल हातात घेऊन बसलो होतो. जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, घरी तीन पिढ्यांची केळी, आणि त्या अख्ख्या दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न माझ्या कानावरून गेला तेव्हा मी गप्प राहिलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मागच्या खोलीत चहा पिताना आबा, तुम्ही म्हणालात, "सर, बरोबरीत सोडा. गाव लहान, सण तोंडावर. कशाला कोणाचं मन दुखवायचं?" मी मान डोलावली. दोन्ही संघांना पहिला क्रमांक विभागून दिला. सगळे खूश होऊन घरी गेले. मी एसटीत बसल्यावर पार धरणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होतो.

तर आता, एक महिना उशिरा, त्या प्रश्नाचं उत्तर.

केळं आडवं कापा. मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतील. बी व्हायचं राहून गेलेली ती बीजांडं. रानकेळीत त्याच जागी मिऱ्याएवढं बी असतं, दाताखाली आलं तर दात हलेल इतकं कडक. आपल्या बागेतल्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, अकरा-अकराचे, एकूण ३३. बी धरायचं तर संचांच्या जोड्या लागाव्या लागतात; तिघांच्या जोड्या लावायला गेलं की एक उरतोच. सगळा हिशेब तिथे विस्कटतो आणि बी धरत नाही. म्हणून केळी आपण पेरत नाही, लावतो. माझ्या वडिलांच्या काळी मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीसाठी, मुनवे (केळीच्या बुडातून फुटणारे कोंब) खणून काढायचे, मुळ्या तासायच्या आणि कंदांचा ढीग सावलीत लावायचा. पाऊस लांबला आणि ढीग तसाच पडून राहिला की त्याला आंबूस वास सुटायचा, आणि मग वडील दिसेल त्याच्यावर ओरडायचे.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ही कथा सांगतात तेव्हा मासा ती नाव कैक वर्षं ओढत राहिला असं म्हणतात. कैक वर्षं, खाली माती नाही आणि वर धो धो पाणी. केळीचा कंद एवढा टिकत असता तर माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढला नसता.

पण मुलीच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा नेला एक कंद. मग त्या एका कंदापासून जगातली सगळी केळी. असं होतं तेव्हा काय घडतं हे पुस्तकात शोधायची गरज नाही, रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. जी-नाईन या केळीच्या वाणाचं प्रत्येक खोड म्हणजे त्याच झाडाची नक्कल. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला त्या वर्षी लोकांनी हाताएवढी झालेली टिश्यू कल्चरची रोपं मुळासकट उपटून बांधावर टाकली, कारण एकाला जे लागतं त्याला शेजाऱ्याकडे वेगळं उत्तर नसतं. जगाच्या बाजारात आधी ग्रोस मिशेल नावाची केळी होती. पनामा मर रोगानं ती १९५० च्या दशकापर्यंत व्यापारातून जवळपास उठवली आणि तिच्या जागी आपण आज लावतो ती कॅव्हेंडिश घराण्यातली आली. एका कंदाची शेती अशी असते.

आता कंदाच्या जागी जनावरांची जोडी ठेवा. एका जोडप्यापाशी कुठल्याही एका जनुकाचे जास्तीत जास्त चार वेगळे प्रकार असू शकतात, दोन नराचे आणि दोन मादीचे. चित्त्याचं उदाहरण वर्गात मी नेहमी देत असे. हजारो वर्षांपूर्वी चित्ते कधीतरी इतके कमी उरले की आजचे चित्ते आतून जवळजवळ सारखे आहेत. १९८० च्या दशकात एका चित्त्याच्या कातडीचा तुकडा नात्यात नसलेल्या दुसऱ्या चित्त्याला लावून पाहिला, तर त्याच्या अंगानं तो परका म्हणून झटकन झिडकारला नाही. तुमच्या-माझ्यात असं केलं तर आठ-पंधरा दिवसांत तुकडा काळा पडून गळेल. चित्त्याच्या रक्तात ती खूण आजही वाचता येते. सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी एकेक जोडी उरली असती तर हीच खूण, हीच तारीख घेऊन, मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांत दिसली असती. तशी ती दिसत नाही.

माणसाचंही तेच. तारवात आठ जणं: नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. मुलांकडे आईबापाचंच रक्त, म्हणजे वेगळी अशी पाचच माणसं आणि जनुकाचे प्रकार फार तर दहा. किडनी बसवण्याआधी ज्या एचएलए जनुकांची जुळणी पाहतात, त्यांतल्या एकट्या एचएलए-बीचे आज हजारो प्रकार नोंदलेले आहेत. त्यातले बरेच अलीकडचे आणि विरळ आहेत हे खरं. पण एचएलएच्या काही प्रकारांची मुळं माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटण्याआधीची आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आठ माणसांच्या चाळणीतून ती तशीच्या तशी गळून येणं शक्य नाही. ही साडेचार हजार वर्षं मी कुठून आणली असं कोणी विचारेल. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या पिढ्या मोजून प्रलयाचं साल इसवी सनपूर्व २३४८ काढलं होतं. आपल्याकडे असली तारीख नाही. पुराणांतला नैमित्तिक प्रलय ब्रह्मदेवाचा दिवस मावळला की होतो, आणि तो दिवस ४३२ कोटी वर्षांचा. त्यामुळे आपल्या बाजूच्या वक्त्याला तारखेची अडचण नव्हती. पण मग तो 'शास्त्रानं सिद्ध झालंय' कशाच्या जोरावर म्हणत होता ते मला कळलं नाही.

याच वक्त्याचं एक वाक्य फार गाजलं: "माशांना कशाला हवी नाव? ते तर पाण्यातच!" टाळ्या पडल्या. मीही हसलो असेन. पण कुठल्या पाण्यात? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्याच्या तळाला पाणी सुटतं. खारट पाण्यात मरळ किंवा रोहू सोडला तर त्याच्या अंगातलं पाणी असंच बाहेर ओढलं जातं. उलट समुद्राच्या बहुतेक माशांना गोड्या पाण्यात सोडलं तर पाणी आत घुसतं. दोन्ही पाणी एकत्र झालं तर एकीकडचे तरी मरणारच, बहुधा दोन्हीकडचे. हिलशासारखे थोडेच मासे दोन्हीकडे निभावतात. नर्मदेच्या मुखातून तो वर चढतो, गोड्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्लं मोठी होऊन समुद्रात जातात. गंमत म्हणजे मनूचा मासाही असाच आहे. ओंजळीतून घागरीत, घागरीतून तळ्यात, तळ्यातून गंगेत आणि गंगेतून समुद्रात. कथा रचणाऱ्यानं नदीकाठी बसून मासे बघितले असतील, एवढं मी पैजेवर सांगतो.

आणि बुडालेली झाडं? जुलैमध्ये चार दिवस शेतात पाणी साचलं तर कापूस माना टाकतो हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत ब्रिसलकोन नावाचा पाईन आहे, त्यातलं एक झाड ४,८०० वर्षांहून जुनं आहे. वर्षाला एक कडं, ओळीनं मोजलेली. अशरसाहेबांच्या प्रलयाच्या वेळी ते उभं होतं आणि नंतरही उभंच राहिलं.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट, जी त्या दुपारी कोणीच सांगितली नाही. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो आणि प्रलय म्हटलं की थेट हिमालय नाहीतर नोहाचं तारू टेकलं तो अरारात गाठतो. मध्य भारतातल्या भिल्लांमध्ये नोंदवलेली एक प्रलयकथा आहे. एक धोबी नदीवर रोज माशाला खाऊ घालायचा. मासा त्याला सांगतो, मोठा पूर येतोय, पेटी कर. धोबी पेटीत बहिणीला आणि एका कोंबड्याला घेऊन बसतो. पाणी ओसरल्यावर कोंबडा आरवतो, त्यावरून रामाला पेटीचा पत्ता लागतो. राम विचारतो, ही बाई तुझी कोण? धोबी उत्तरेला तोंड करून म्हणतो बहीण, पूर्वेला तोंड करून म्हणतो बहीण, पश्चिमेलाही बहीणच. दक्षिणेला तोंड केल्यावर म्हणतो, बायको. मग पूर येणार हे फोडलं कोणी याची चौकशी होते, आणि माशाची जीभ कापली जाते. तेव्हापासून माशांना जीभ नाही.

माशाच्या तोंडात हलवता येईल अशी मांसल जीभ खरंच नसते, हाडाचा एक उंचवटा तेवढा असतो. मासा साफ करणाऱ्या बाईला ते ठाऊकच असतं. पण मला चटका लावतो तो आधीचा भाग. चार दिशांना फिरवून विचारणं. उरली दोनच माणसं आणि तीही बहीणभाऊ, मग पुढची पिढी कशी? कथा सांगणाऱ्याला ही अडचण दिसली होती, त्याला तिची लाज वाटली होती, आणि त्या लाजेसाठी त्यानं कथेत जागा केली. शतपथ ब्राह्मण या जुन्या वैदिक ग्रंथातही तसंच आहे. तिथे नावेत बियाणं नाही, सप्तर्षी नाहीत, जनावरं तर नाहीतच. एकटा मनू उरतो. तो तूप, दही, ताक पाण्यात सोडून यज्ञ करतो, वर्षानं त्यातून इडा नावाची स्त्री निघते, ती स्वतःला त्याची मुलगी म्हणवते आणि तिच्यापासूनच प्रजा होते. ऋषींची सोबत आणि बियाणं नंतर महाभारतात आलं, वासुकीचा दोर आणि वेद चोरणारा हयग्रीव भागवतात. म्हणजे आपल्या मुलीनं जो बियाण्याचा मुद्दा काढला, तो मुळात कुणा जुन्याच श्रोत्याला पडला असणार. कोणीतरी विचारलं असेल, 'मग झाडं कुठून आली?' आणि पुढच्या वेळी सांगताना कथेकऱ्यानं नावेत बी ठेवलं. फरक इतकाच की त्या श्रोत्याला विषयाला धरून बोल असं कोणी सांगितलं नसावं.

प्राणी आपापल्या जागी परत कसे गेले, हाही प्रश्न जुनाच आहे. संत ऑगस्टीननं १,६०० वर्षांपूर्वी तो विचारला होता: प्रलयानंतर लांडगे आणि बाकीची जंगली जनावरं समुद्रापलीकडच्या बेटांवर कशी पोचली? त्यानं काही शक्यता मांडल्या, पण प्रश्न टाळला नाही. कांगारूचं उदाहरण सगळेच देतात. मी आपल्याकडचं देतो. वनपिंगळा. टिटवीहून लहान, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारं घुबड. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. लंडनच्या संग्रहालयात १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता, तो एका प्रतिष्ठित साहेबानं चोरून, नवं लेबल लावून दाखल केलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि तिचे सोबती शहाद्याजवळच्या सातपुड्यात फिरत होते, तेव्हा तो त्यांच्यासमोर झाडावर येऊन बसला. एकशे तेरा वर्षांनी! मध्य आणि पश्चिम भारतातल्या रानांपलीकडे हा पक्षी जगात कुठेही नाही. लांब उडत नाही, जागा सोडत नाही. तो अराराताहून निघाला, तर वाटेत इराण, बलुचिस्तान, राजस्थान कुठेही न थांबता, एकही भाऊबंद मागे न ठेवता शहाद्याला कसा उतरला?

विहिरीच्या शिंपल्यांबद्दल बोलायचं राहिलंच. एक वक्ता म्हणाला, आमच्याकडे विहीर खणताना खोलवर शिंपले निघाले, म्हणजे इथे समुद्र आला होता. आमच्याही विहिरीत निघाले होते. त्यातला एक मी जपून ठेवला आहे, हे लिहिताना तो समोर आहे. पातळ, आतून मोत्यासारखा, एक कड झिजलेली. हा गोड्या पाण्यातला शिंपला आहे. तापीच्या डोहात असे आजही मिळतात. तापी हजारो वर्षं जागा बदलत वाहिली, गाळ टाकत गेली, आणि आपल्या विहिरी त्या गाळात आहेत. गाळाखाली काळा दगड लागतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. जगबुडीचा म्हणून दाखवता येईल असा एक थर कुठे नाही. उलट चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळींनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग होते! ते गेले, पण सगळ्यांना घेऊन गेले नाहीत. नदीकाठची माणसं, गाई, हरणं राहिली. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ मध्ये खणलं तर ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वस्त्या थरावर थर अशा निघाल्या. पूर तिथे किती आले असतील त्याला गणती नाही.

पुराबद्दल कोणी आपल्याला शिकवायची गरज नाही. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेच्या पुरानं धुळ्यातली शेकडो घरं नेली. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये जॉर्ज स्मिथनं मातीच्या विटेवरची बाबिलोनची प्रलयकथा वाचून दाखवली, नोहाच्याच गोष्टीची थोरली बहीण. तिथेही नाव आहे, पक्षी सोडणं आहे. धुळ्यात लोक चिखल उपसत होते आणि तिकडे साहेब अडीच हजार वर्षांपूर्वीचा चिखल वाचत होता. १९६८ च्या ऑगस्टातला तापीचा पूर आमच्या घरात अजून बोलला जातो. आजी सांगायची, "तापीमायले पूर उना व्हता, आख्खी दुनिया बुडनी." दुनिया म्हणजे तिच्या डोळ्यांना दिसत होती तेवढी: आमचं गाव, पलीकडचं गाव आणि मधलं सगळं पाणी. तिला खोटं ठरवायचं मला कधी सुचलं नाही. तिच्यापुरतं ते खरं होतं. पण तिच्या वाक्यावरून मी वर्गात 'म्हणजे अमेरिकाही बुडाली' असं शिकवलं असतं, तर पहिली हसली असती ती आजीच.

मेळ बसवायचाच असं ठरवलं की माणूस काय काय करतो ते त्या दुपारी पाहिलं. प्रत्येक जात नको, 'मूळ प्रकारांच्या' जोड्या घेतल्या, असं एकीनं सांगितलं. बरं. नुसत्या भुंगेऱ्यांच्या नोंदलेल्या जाती चार लाखांच्या घरात आहेत. एका जोडीपासून साडेचार हजार वर्षांत एवढ्या व्हायच्या तर वर्षाला जवळपास नव्वद नव्या जाती निघायला हव्यात. उत्क्रांती होतच नाही म्हणणाऱ्यांना अशी सुसाट उत्क्रांती लागते, हे विरोधी बाजूनं पकडायला हवं होतं, पकडलं नाही. दुसरा म्हणाला, दशावतार म्हणजेच उत्क्रांती: आधी मासा, मग कासव, मग वराह. हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. थिऑसॉफी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ मध्येच ते छापलं होतं, म्हणजे डार्विनच्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी. त्याआधीच्या टीकाकारांना ही संगती दिसली नव्हती. कासवापासून डुक्कर होत नाही, आणि वामन हा नरसिंहाचा वंशज नाही. विष्णूनं कासव का व्हावं याचं कारण कथेत मंथनाचं आहे, आणि ते कारण कितीतरी सुंदर आहे. त्याला दहावीच्या पुस्तकातली आकृती चिकटवली की दोन्ही खराब होतात.

यावर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी'त बोट ठेवलं होतं. मासळीची अंडी कुठे आणि माणसाचं जन्मणं कुठे, असे साधे प्रश्न विचारत त्यांनी मत्स्यावतार तपासला. पुढे त्यातून त्यांनी जो इतिहास काढला तो सगळा मला पटतोच असं नाही, पण प्रश्न विचारायची रीत पटते. आणि ज्यांना फुले चालत नाहीत त्यांच्यासाठी आदि शंकराचार्य आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात, शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, अग्नी थंड आहे म्हणून सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांनी कळतं ते श्रुतीला विचारायचं नाही, असा तो साधा व्यवहार आहे. आपल्या अंमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं मंदिर उभं आहे. तिथे शंभर वर्षं याहून अवघड गोष्टींवर माणसं भांडली, आणि भांडून एका पंगतीत जेवली.

आबा, मन दुखवण्याबद्दल तुम्ही बोललात म्हणून सांगतो. त्या दिवशी एकाचंच मन दुखलं आणि तिचं नाव तुमच्या कागदावर नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो वाचून ती आली होती आणि घरच्या बागेशी ताडून पाहत होती. दिल्लीच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, अभ्यासक्रमात दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती २०२३ मध्ये वगळली गेली. आपल्या पोरांच्या पुस्तकात ती आहे, तर निदान प्रश्न विचारायला जागा असू द्या.

माझं म्हणणं थोडं आहे. निकाल बदलू नका, ढाली वाटून झाल्यात. पण तो 'बरोबरीत' मी परीक्षक म्हणून दिलेला नव्हता, चहाच्या टेबलावर दिला होता, हे तुमच्या इतिवृत्तात लिहा. पुढच्या वर्षी विषयात 'मेळ बसतो' असं उत्तर आधीच ठेवू नका. भिल्लांच्या पेटीची गोष्ट सांगणारं कोणी तळोदा-धडगावकडून बोलवा; गोष्ट म्हणून, पुरावा म्हणून नको. तुमची सहल दरवर्षी पाटणादेवीला जातेच, मुलांना शहामृगाच्या अंड्याची हकिगत तिथेच सांगा. पाकिटातले पैसे त्या गाडीच्या डिझेलला घाला.

आणि त्या मुलीला बोलवा. तिच्या हातात माइक द्या आणि तो प्रश्न पुन्हा विचारू द्या. केळीच्या कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची) लागवड आटोपली की मी मोकळा आहे, तारीख कळवा. स्टँडवर घ्यायला कोणाला पाठवू नका, रस्ता माहीत आहे. येताना एक कंद आणतो, टेबलावर ठेवायला.

आपला,
त्या दिवशीचा तिसरा परीक्षक